खोकल्याची औषधं एकत्र कोण करतं? कंपाउंडरपासून कफ सिरपपर्यंत

सांगली-मिरज भागात गळीत हंगाम आणि थंडी साधारण बरोबरच येतात, मागोमाग खोकला. मेडिकलमध्ये ‘सर्दी-खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हटलं की एक सिरप आणि चार गोळ्या मिळतात. घरी मागच्या वेळची अर्धी बाटली असतेच, शिवाय आजीचा अडुळशाचा काढा. या सगळ्यांत मिळून पोटात काय गेलं, याचा हिशोब कुणाकडेच नसतो.

पूर्वी तो कंपाउंडरकडे असायचा. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून तो अमोनियम क्लोराइड, इपेकॅक अशी द्रावणं मोजून मिक्स्चर बनवायचा आणि बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खूण म्हणजे एक डोस. चव भयंकर, पण मिश्रण एकाच जागी, एकाच्या देखरेखीखाली व्हायचं. तयार सिरप आल्यावर ते काम कारखान्याकडे गेलं.

या सिरपमधल्या घटकांची कुळी मजेशीर आहे. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि त्यातून अँब्रोक्सॉल. म्हणजे आजीचा काढा आणि मेडिकलमधली कफ पातळ करणारी बाटली एकाच घराण्यातली. उबळ दाबणाऱ्या औषधांचं घराणं मात्र अफूचं. कोडीन १८३२ मध्ये वेगळं काढलं गेलं. १८९८ मध्ये बायर कंपनीनं हेरॉइन चक्क खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं! व्यसन न लावणारा पर्याय म्हणून पुढे डेक्स्ट्रोमेथॉर्फन आलं. अमेरिकेत त्याला १९५८ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात कंपन्यांनी हे सगळं एकाच बाटलीत भरलं: उबळ दाबणारं, कफ सुटवणारं, वर क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध. कफ सुटायला हवा असेल तर खोकला दाबायचा कशाला? गाडीला पुढून आणि मागून बैल जुंपण्यातला हा प्रकार. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीनं अशी मिश्रणं तपासली आणि १० मार्च २०१६ रोजी केंद्रानं ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कोडीन-क्लोरफेनिरामिनची कोरेक्स, फेन्सेडिल ही नावाजलेली सिरपं त्यात होती. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. जून २०२३ मध्ये आणखी १४ मिश्रणं गेली. त्यातही खोकल्याची बरीच. त्याच वर्षी डिसेंबरात क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश निघाला.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलं दगावली, ते प्रकरण वेगळं. तिथे सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून रुग्णांना भोवलं तेच. छिंदवाड्यानंतर केंद्रानं दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत, असं कळवलं.

बंदीनंतरही बाजारात मिश्रणं भरपूर आहेत, आणि त्यांची बेरीज आता घरी होते. मोठ्या माणसानं तापासाठी पॅरासिटामॉल आणि कफासाठी नुसतं अँब्रोक्सॉल घेतलं तर सहसा अडत नाही. अडतं ते नावं वेगळी आणि आतला माल तोच असला की. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन आणि सिरपमध्येही तेच, म्हणजे झोप दुप्पट. मग मोटारसायकल चालवणं धोक्याचं, दारू तर नकोच. त्याच गोळीत पॅरासिटामॉल असून वर तापाची गोळी वेगळी घेतली तर भार यकृतावर. फेनिलेफ्रिननं रक्तदाब चढू शकतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी वाकडं आहे. त्यामुळे मेडिकलमध्ये खोकला कोरडा की कफाचा एवढंच सांगून भागत नाही. बीपीची किंवा मानसोपचाराची गोळी चालू असेल तर तीही सांगावी, आणि घरातल्या अर्ध्या बाटलीचा फोटो दाखवला तर उत्तमच.