मानधन आहे म्हणून कायदा नाही?

अंगणवाडी सेविकांचा संप सुरू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘अहो, त्या मानसेवी. मानधन घेतात, पगार नाही. मग कामगार कायदे कसे लागतील?’ हा समज चुकीचा आहे.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सेविका आणि मदतनिसांच्या खटल्यात सांगितलं, की तेव्हा अमलात असलेला १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो. त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या व्याख्येत वेतनच ठरतं, आणि अंगणवाडी ही आस्थापना. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते अभय ओक, मूळचे ठाण्याचे. या निकालाने सेविका सरकारी कर्मचारी झाल्या असं मात्र नाही. तो झगडा अजून चालू आहे.

‘दोन-चार तासांचं काम’ हा समजही असाच चुकीचा. पोरांना काट्यावर ठेवायचं, वजन वहीत टिपायचं, खाऊ द्यायचा, गाणी म्हणून घ्यायची, मग गरोदर बाईच्या घरी जायचं. वर ‘पोषण ट्रॅकर’ हे नोंदी भरायचं सरकारी ॲप आहेच. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारचे निकृष्ट मोबाईल सरकारलाच परत केले, कारण हँग होणाऱ्या फोनवर इंग्रजी ॲप भरणं अशक्य झालं होतं. (स्वयंसेवेसाठी ऑनलाइन हजेरी लागते, हा विनोद आपलाच.)

डिसेंबर २०२३ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. मागण्यांत मानधनवाढीसोबत ग्रॅच्युइटीही होती. म्हणजे निकाल लागून दीड वर्ष उलटलं, तरी रस्त्यावर बसावं लागलंच.