'व्हेरी अपॉलिंग' कानाला का खटकतं?

इंग्रजीत 'बॅड'ला 'व्हेरी' लावता येतं, 'अपॉलिंग'ला (धक्कादायक वाईट) लावलं की खटकतं. 'बॅड' पट्टीवर कुठेही सरकतो: थोडं वाईट, बरंच वाईट, फार वाईट. 'अपॉलिंग', 'ॲट्रोशस', 'ॲबिस्मल' हे त्याच पट्टीच्या टोकाला बसलेले आहेत. 'फार' त्यांच्या पोटातच आहे. म्हणून त्यांच्याआधी 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'अटरली' येतं. 'रिअली' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे शंका आली की तेच वापरावं. 'स्लाइटली अपॉलिंग' मात्र थट्टेतच खपेल.

खरी अडचण पुढे आहे. शब्दकोश या सगळ्यांसमोर 'अत्यंत वाईट' लिहून मोकळा होतो, पण प्रत्येकाची सोबत ठरलेली असते. 'हेनस' गुन्ह्याला लागतो. 'हेनस वेदर' म्हटलं तर हवामानावर खटला भरायचा आहे असं वाटेल. हवामानाला, हस्ताक्षराला, स्पेलिंगला 'ॲट्रोशस' म्हणतात, आणि क्रौर्यालाही. 'ॲबिस्मल'मध्ये अथांग दरी आहे, त्यामुळे तो दर्जा तळाला गेला की येतो: कामगिरी, निकाल, अज्ञान. असह्य वेदनेला 'एक्स्क्रूशिएटिंग', आणि त्यात लॅटिनमधला क्रूस दडलेला आहे. 'ग्रूसम'ला रक्तमांस लागतं. 'डायर' बहुधा परिणाम, इशारा किंवा हलाखी यांच्याबरोबर दिसतो. 'इग्रीजस' म्हणजे डोळ्यांत भरणारी चूक किंवा नियमभंग. मूळ लॅटिन अर्थ 'कळपातून उठून दिसणारा', आणि इंग्रजीतही तो एकेकाळी कौतुकाचा शब्द होता!

जास्त वापरले की हे शब्द झिजतात. 'ऑफुल'मध्ये आधी धाक आणि आदर होता, आज तो बेचव जेवणालाही लागतो. 'टेरिफिक' भीतिदायकवरून थेट 'झकास'वर पोचला. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की. म्हणून 'ऑफुली काइंड' ऐकून दचकू नये, ते आभार आहेत. झिजलेल्या शब्दांना वरचा नियमही सैल लागतो: 'प्रिटी ऑफुल' सर्रास बोलतात, 'प्रिटी हेनस' सहसा नाही.

तक्रारीच्या पत्रात 'अपॉलिंग' जपून वापरावा. त्यात धक्का आणि नैतिक संताप दोन्ही येतात, आणि उशिरा आलेल्या पार्सलला तो फार जड होतो. तिथे 'पुअर' किंवा 'अनॲक्सेप्टेबल' पुरतं. नकारातही फरक पडतो: 'नॉट बॅड' म्हणजे बहुधा चांगलंच, तर 'नॉट टेरिबल' म्हणजे जेमतेम चालेल असं.