‘इतर’ या चौकटीत नेमके कोण?

सर्वेक्षणाच्या अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांच्या खाली ‘इतर’ अशी तिसरी चौकट छापली की प्रश्न सर्वसमावेशक झाला, असा समज रूढ आहे. २०११च्या जनगणनेत पुरुषाला १, स्त्रीला २ आणि ‘इतर’ला ३ असे संकेतांक होते. तिसऱ्याखाली सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि ‘देशातील तृतीयपंथीयांची संख्या’ म्हणून हाच आकडा आजही छापला जातो. वास्तविक तृतीयपंथी असण्याविषयी जनगणनेने काही विचारलेच नव्हते. ‘स्त्री’ अशी नोंद करून घेतलेली पारलिंगी स्त्री (म्हणजे जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती) या आकड्यात नाही. उलट त्यातली सुमारे ५५ हजार सहा वर्षांपर्यंतची बालके आहेत, ज्यांचे उत्तर अर्थातच मोठ्यांनी दिले.

खरी गंमत गणिताची आहे. एक लाख लोकांमध्ये ३०० जण पारलिंगी आहेत असे समजू. उरलेल्या ९९,७०० जणांपैकी हजारी फक्त तिघांनी प्रश्न चुकीचा वाचला, तर २९९ खोटी उत्तरे जमा होतात, म्हणजे त्या चौकटीतला जवळजवळ निम्मा गट चुकून आलेला असतो. मोठ्या गटाची क्षुल्लक चूक छोट्या गटाला गिळून टाकते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत, ‘आपली लिंगओळख जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळते का?’ या ऐच्छिक प्रश्नाला २ लाख ६२ हजार जणांनी ‘नाही’ म्हटले. इंग्रजी ही मुख्य भाषा नसलेल्यांत हे प्रमाण संशयास्पद वाटावे इतके जास्त निघाले, आणि २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाच्याच विनंतीवरून या आकड्यांचा मान्यताप्राप्त दर्जा काढून घेण्यात आला. ‘संख्या वाढली’ म्हणून आनंदणारे आणि घाबरणारे, दोघांनीही आधी प्रश्नपत्रिका वाचावी.

कॅनडाने २०२१च्याच जनगणनेत प्रश्नाचे दोन तुकडे केले: जन्मावेळचे लिंग कोणते, आणि आजचा लिंगभाव कोणता, म्हणजे आज आपण स्वतःला कोण मानता. दोन्ही प्रश्न सर्वांना सारखेच लागू पडतात, कोणालाही ‘इतर’ व्हावे लागत नाही, आणि उत्तरे जुळली नाहीत तर ‘हे बरोबर आहे ना?’ अशी खात्री करून घेता येते. जन्मतः शरीररचनेत वेगळेपण असलेल्या आंतरलिंगी व्यक्तींसाठी मात्र तिसरा, स्वतंत्र प्रश्न लागतो.

मराठीत आणखी एक पेच आहे. ‘लिंगभाव’ हा शब्द विद्यापीठाबाहेर फारसा पोहोचलेला नाही आणि नुसते ‘लिंग’ म्हटले की ऐकणारा संकोचतो. त्यामुळे ‘जन्मदाखल्यावर काय लिहिले होते?’ आणि ‘आज आपण स्वतःला कोण मानता?’ असे साधे विचारणेच बरे. शिवाय उत्तर देणाऱ्याच्या तोंडून ‘मी राहते’ एवढे ऐकले की न विचारताच ‘स्त्री’वर खूण करण्याचा मोह प्रगणकाला होतो.