हॅण्डवॉशच्या बाटलीत पाणी घालण्यापूर्वी हे वाचा

(पाच लिटरचा कॅन नेणाऱ्या खानावळी, शाळा, दवाखाने आणि सोसायट्यांसाठी)

"मागचा माल चांगला होता, या वेळी पातळ आलाय आणि वासही येतोय." पावसाळ्यात हा फोन हमखास येतो. माणूस पाठवून बघितलं की बहुतेक ठिकाणी कॅन ठणठणीत असतो, बिघडलेली असते ती बेसिनवरची बाटली. ती निम्मी झाली की मावशी नळाचं पाणी घालून हलवतात आणि दोन दिवसांनी वरून पुन्हा साबण ओततात. बाटलीचा तळ कधी रिकामा होतच नाही. मावशींना बोलू नका. "पुरवून वापरा" हे त्यांना वरूनच सांगितलेलं असतं.

साबण टिकावा म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि त्याचं प्रमाण आहे त्या साबणाला बेतलेलं असतं. पाणी घातलं की तेही विरळ होतं, मग त्या पाणचट साबणात जंतू सुखाने वाढतात. सुडोमोनास, सेराशिया, क्लेब्सिएला हे जंतू अशा बाटल्यांत सापडलेले आहेत. धडधाकट माणसाला एरवी त्यांचं फारसं काही वाटणार नाही. पण दवाखान्यात ड्रेसिंग करणाऱ्याने त्याच बाटलीतून हात धुतले तर ते जंतू थेट पेशंटच्या जखमेपर्यंत पोचू शकतात.

म्हणून बाटली पूर्ण संपू द्या. मग गरम पाण्याने धुवा. पंपही विसरू नका: गरम पाण्यात बुडवून पाच-सहा वेळा दाबा, नळीतला जुना चिकटा तिथेच दडलेला असतो. उलटी ठेवून कोरडी झाली की मगच भरा. तोवर बेसिनवर काय ठेवायचं, हा प्रश्न रास्त आहे. कॅन घेताना पंपासकट जादा बाटली मागा, तिचे वेगळे पैसे लावत नाही.

"घट्ट आहे, वाया जातो" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: एका वेळी दीड मिली धरलं तरी एका कॅनमध्ये तीन हजारांहून जास्त वेळा हात धुऊन होतात. तरीही पातळच हवा असेल तर फेसाच्या पंपाचा साबण वेगळा येतो. तो मुळातच पातळ बनवलेला असतो आणि प्रिझर्व्हेटिव्हही त्या हिशेबाने घातलेलं असतं. तोही आमच्याकडे मिळेल.

"अँटीबॅक्टेरिअल का नाही?" असंही विचारतात. साबणाचं मुख्य काम जंतू मारणं नसून तेलकट मळासकट त्यांना कातडीवरून सोडवणं आहे. पुढचं काम वाहतं पाणी करतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासह १९ घटक असलेल्या घरगुती हॅण्डवॉशवर बंदी घातली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. आम्ही लेबलवर "इतके टक्के जंतू मारतो" असे मोठे आकडे छापत नाही ते यासाठी.

खानावळवाल्यांनी सॅनिटायझरवर विसंबू नये. उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल नीट चालत नाही, आणि तेलकट हातावर तर नाहीच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा आमचेही कॅन भराभर उठले. पण तिथे संशय पिण्याच्या पाण्यावर होता. पाणी उकळायचं राहिलं तर साबण त्याची भरपाई करत नाही, हे तेव्हाही गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

जेवून उठल्यावर हात सगळेच धुतात. जेवायला बसण्यापूर्वी मात्र दोन बोटं नळाखाली धरली की झालं! आपण पाचही बोटांनी वरण-भात कालवतो, त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा आणि नखांच्या कडा नीट चोळा. वीस सेकंद तरी द्या. आणि बेसिनशेजारचा सगळ्यांचा मिळून एक असलेला ओला नॅपकिन कृपा करून काढून टाका.

तक्रार असेल तर कॅनमधला साबण दाखवा. खराब निघाला तर त्याच दिवशी नवा कॅन पोचवू. बाटलीतला साबण बदलून मिळणार नाही.