इम क्वोन-तेक

इम क्वोन-तेक : (जन्म १९३४, काही संदर्भांत १९३६). दक्षिण कोरियाचे चित्रपट-दिग्दर्शक. १९६२ ते २०१४ या काळात त्यांनी १०२ चित्रपट केले. ज्यांनी नाव झाले ते बहुतेक चाळिशीनंतरचे.

जन्म दक्षिण जोल्ला प्रांतातील जांगसोंगचा. घरची माणसे डाव्या विचारांची, त्यामुळे कोरियन युद्धाच्या आगेमागे कुटुंबाची वाताहत झाली. शाळा अर्धवट टाकून इम बुसान बंदरात आले. हमाली केली, मग लष्करी बूट विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडे राहिले. या व्यापाऱ्यांनीच पुढे सोलमध्ये चित्रपटनिर्मिती सुरू केली आणि इमना बोलावून घेतले. सिनेमाचे वेड वगैरे काही नव्हते. खाण्याराहण्याची सोय होत होती, एवढेच. पडेल ते काम करत ते दिग्दर्शक जोंग चांग-ह्वा यांच्या हाताखाली तयार झाले. मांचुरियात जपान्यांशी लढणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा त्यांचा पहिला चित्रपट १९६२ मध्ये आला.

पुढच्या दहाएक वर्षांत त्यांनी पन्नासच्या आसपास चित्रपट उरकले. ‘उरकले’ हाच शब्द योग्य. परदेशी चित्रपट आणण्याचा परवाना देशी चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांनाच मिळे आणि खरा पैसा परदेशी चित्रपटांत होता. त्यामुळे देशी चित्रपट कोटा भरण्यापुरते निघत. हाणामारी, राजेरजवाडे, रडारड, जे मागितले ते इम देत. या कामाबद्दल ते पुढे स्वतःच नाक मुरडत. तरी हात बसला तो तिथेच.

१९७३ च्या ‘जप्चो’ (तण) पासून त्यांनी वाट बदलली. दोन बौद्ध भिक्षूंच्या भटकंतीवरील ‘मांदारा’ने (१९८१) ती पक्की केली. ‘सिबाजी’साठी कांग सू-योन यांना १९८७ मध्ये व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

यी चोंग-जुन यांच्या कथांवरील ‘सोप्योन्जे’ (१९९३) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट. तो पान्सोरी या कोरियन गायनकलेवर आहे. पान्सोरी म्हणजे एक गायक आणि एक ढोलवादक यांनी तासन्‌तास रंगवायची कथा. ही कला मरत चालली असताना एक गायक बाप दोन पोरांना घेऊन गावोगाव हिंडतो आणि मुलीच्या आवाजात दुःख उतरावे म्हणून तिला आंधळी करतो. यातला एक प्रसंग विसरता येत नाही. शेतांमधली दगडी बांधांची वळणावळणाची वाट. कॅमेरा हलत नाही. लांबून तीन ठिपके चालत येतात. बाप गाणे धरतो, मुलगी उचलते, कंटाळलेल्या मुलाचा हात हळूहळू ढोलावर पडू लागतो आणि जवळ येईतो तिघेही नाचत असतात. पाच मिनिटांहून अधिक, मध्ये एकही काट नाही. मल्टिप्लेक्स नसलेल्या त्या काळात एकट्या सोलमध्ये दहा लाखांवर प्रेक्षक मिळवणारा हा पहिला कोरियन चित्रपट. त्यातील ओ जोंग-हे यांना पान्सोरी गाता येत होती, म्हणून त्यांचे गाणे उसने वाटत नाही.

‘चुनह्यांग’ (२०००) हा कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेलेला पहिला कोरियन चित्रपट. चित्रकार जांग सुंग-ओप यांच्यावरील ‘चिह्वासोन’साठी २००२ मध्ये तिथेच इमना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, पॉल थॉमस अँडरसन यांच्यासह विभागून. छायालेखक जोंग इल-सोंग या दोन्ही चित्रपटांत सोबत होते. २००५ मध्ये बर्लिन महोत्सवाने सन्मान म्हणून सुवर्ण अस्वल हा पुरस्कार दिला. शाळा पुरी न केलेल्या या माणसाच्या नावाने बुसानच्या दोंगसो विद्यापीठात चित्रपट महाविद्यालय आहे. ‘ह्वाजांग’ (२०१४) हा त्यांचा १०२ वा चित्रपट.