हक्कसोडपत्र

सामायिक मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदाराच्या नावे कायमचा सोडून देणारा दस्त. तो कोणताही सहहिस्सेदार करू शकतो. गावाकडे मात्र 'हक्कसोड' म्हटले की बहिणीने भावाला दिलेली सही, असाच अर्थ बहुधा घेतला जातो.

वडील वारले की तलाठ्याकडे (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंद होते आणि सातबाऱ्यावर आई, भाऊ, बहिणी सगळ्यांची नावे लागतात. पुढे जमीन विकायची किंवा तारण ठेवायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. मग बहिणींना बोलावणे जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोघे. दस्ताची भाषा ठरलेली: 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाशिवाय, काहीएक मोबदला न घेता'. यातला शेवटचा भाग कागदापुरता खरा. बहिणीच्या हिशेबात भाऊबीज असते, लेकीचे बाळंतपण असते, सासरी बिनसले तर उघडे राहील असे एक दार असते. परतताना हातात साडी पडते. दस्त वाचून दाखवला जातोच असे नाही.

महाराष्ट्राने 1994 मध्ये, आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून, हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली मुलासारखीच वाटेकरी, मानले. राज्याच्या कायद्यात आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या; केंद्राने ती अट ठेवली नाही. 2005 च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 मध्ये स्पष्ट केले. हिस्सा भावाइतकाच झाला, तसे तिच्या सहीचे मोलही वाढले.

स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते. स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणलेला कागद पुरत नाही. वडिलोपार्जित मिळकत भावंडांत विनामोबदला सोडली तर मुद्रांक नाममात्र असतो. मोबदला घेतला, तर खरेदीखतासारखे शुल्क बसते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा 'पुढे मिळणारा' हक्क सोडता येत नाही, कारण तो हक्क अजून जन्मालाच आलेला नसतो. तरीही असे कागद होतात.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे नवरा-बायकोची मिळकत एरवी सामायिक धरतात. तिथे बहिणीबरोबर मेहुण्याचीही सही लागते.

दस्त नोंदला की फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. सही फसवून घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करून मागता येतो, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबाऱ्यावर बहिणीच्या नावाला कंस पडतो. नाव पुसत नाहीत. कंसातले नाव वाचता येते.