फोटो कॉम्प्रेस केला की फाटतो का?

‘वेबसाइटवर मूळ फोटोच टाका, कॉम्प्रेस केले (म्हणजे फाइल हलकी केली) की फाटतात, धूसर-ठिपकेदार दिसतात’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याला आधार आहे: जेपीईजी (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) फोटो बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केला, तर दरवेळी थोडा तपशील जातो. पण मूळ फोटोवरून एकदाच हलकी प्रत काढली, तर तो फरक सहसा डोळ्यांना दिसत नाही.

हिशेब बघा. मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजे फोटोतले बारीक ठिपके. वेबसाइटला बहुधा १२०० पिक्सेल रुंदी पुरते, म्हणजे उंची ९००; मग उरतात १० लाख ८० हजार. बाकीचे वरुडकडच्या संत्र्याच्या बागेत, नेटवर्कची एकच कांडी असताना, माणसाला उगाच डाउनलोड करावे लागतात. मला याचंच वाईट वाटतं.

स्वतः तपासा. संत्र्याचा जवळून काढलेला फोटो घ्या, रुंदी १२००, क्वालिटी ८० ठेवून प्रत काढा. दोन्ही मोबाइलवर शेजारी ठेवून सालीवरची बारीक छिद्रं बघा. मग फाइलचा आकार बघा. पटलं, तर पूर्ण फोल्डर एकदमच करता येतं. फक्त मूळ फोटो वेगळ्या फोल्डरात जपून ठेवा.